थकबाकी, ड्यूज आणि डिफॉल्टर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात ‘सी’ विंगमधील एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेले माझे शेजारी बंधू-भगिनींनो,

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि सहा वर्षं या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दोन्ही कामांत दुसऱ्याच्या चुका काढायच्या असतात, त्यामुळे स्वभाव बिघडतो. समितीने मला सांगितलंय, ‘सर, इंग्रजीवर बोला, पण मुलांनाही कळेल असं, आणि आठ वाजता आरती आहे.’ म्हणून मुलांपासूनच सुरुवात करतो.

मागच्या वर्षी आपल्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाने आजीवर इंग्रजी निबंध लिहिला आणि मला दाखवायला आणला. ‘माझी आजी हुशार आहे’ असं त्याला लिहायचं होतं. ‘क्लेव्हर’ हा शब्द फार साधा वाटला, म्हणून मोबाइलवर समानार्थी शब्द शोधले आणि त्यातला एक भारदस्त उचलला: ‘कनिंग’. म्हणजे आजी झाली धूर्त, कावेबाज! मी आजींना अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, ‘राहू दे हो सर, पोरगं खोटं नाही बोललं.’

गंमत सोडा, पण चूक त्या मुलाची नव्हती. समानार्थी शब्दांची यादी अशीच फसवते. इंग्रजीतला असा सर्वांत प्रसिद्ध कोश पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने केला. तो लंडनमध्ये 1852 साली निघाला. त्याने शब्द अर्थाच्या कुळाप्रमाणे एकत्र बसवले. मात्र एका बाकावर बसलेल्या शब्दांपैकी कोण सभ्य आणि कोण टोमणे मारणारा, हे त्याने सांगितलं नाही. ज्याला भाषा येते त्याला नेमका शब्द आठवून देण्यासाठी तो कोश होता. आपण मात्र नवा शब्द मिळवायला तिथे जातो, आणि तिथेच घसरतो.

इंग्रजीत एकाच अर्थाला इतके शब्द का, तर 1066 साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच झाली, चर्चची आणि विद्वानांची लॅटिन होतीच, आणि घरात-शेतात जुनी इंग्रजी. आपल्या गेटवरचंच उदाहरण घ्या. वॉचमनने पाहुण्याला ‘आस्क’ केलं, तर नुसतं विचारलं. ‘क्वेश्चन’ केलं, तर चौकशी केली. ‘इंटरॉगेट’ केलं, तर पाहुणा परत येणार नाही. पहिला शब्द जुन्या इंग्रजीतला, दुसरा फ्रेंचमधून आलेला, तिसरा लॅटिन. मराठीत तरी काय वेगळं? विचारपूस, चौकशी आणि उलटतपासणी यांतला फरक इथल्या प्रत्येक सुनेला न शिकवता कळतो. (हशा)

शब्द देश बदलतो तेव्हा स्वभावही बदलतो. ‘डिमांड’ ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला, त्याचा फ्रेंचमध्ये आजही अर्थ साधा आहे: विचारणे, मागणे. इंग्रजीत आला आणि तो टेबलावर मूठ आपटायला लागला. म्हणून ‘वुई रिक्वेस्ट यू टु पे’ आणि ‘वुई डिमांड पेमेंट’ यांत रक्कम तीच राहते, बदलते ती दारावरची थाप.

आता मुलांनी जरा गप्प बसावं. पुढचं मोठ्यांसाठी आहे, आणि माझ्याबद्दल आहे.

मी सेक्रेटरी असताना मेंटेनन्स न भरलेल्यांची यादी खाली बोर्डावर लावायची प्रथा होती. आपल्याकडे गुजराती, तमिळ, मल्याळी कुटुंबं आहेत, म्हणून नोटीस दोन भाषांत निघायची. मराठीत मी लिहिलं होतं, ‘थकबाकी असलेले सभासद’. त्याच कागदावर इंग्रजीत एकच शब्द, ठळक टायपात: ‘डिफॉल्टर्स’. मला ते भाषांतरच वाटलं. इंग्रजीच्या मास्तराला!

नीट बघा. मराठीत बाकी थकते, माणूस नाही थकत. दोष असलाच तर पैशांचा. इंग्रजीतही असे सौम्य शब्द आहेत. ‘ड्यूज’ म्हणजे नुसतं देणं. ते वेळेवर भरणाऱ्याचंही असतं. ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे यायचं राहिलेलं. ‘अरिअर्स’ हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचा अर्थ ‘मागे’. माणूस मागे पडला, एवढंच तो सांगतो, का पडला ते विचारत नाही. आणि ‘डिफॉल्ट’? त्याच्या पोटात ‘फॉल्ट’ बसलेला आहे, दोघे एकाच घराण्यातले. कर्तव्यात चुकला, असं तो म्हणतो. त्याला शेवटी ‘र’ जोडला की तो त्या माणसाचा हुद्दाच होतो. थकबाकी भरली की संपते. हुद्दा चिकटतो.

शिवाय सहकार कायद्यात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. मागणी पोचून तीन महिन्यांची मुदत जावी लागते. आज बिल, उद्या डिफॉल्टर, असं नसतं. त्या यादीतल्या एका गृहस्थांचे दोनच महिने राहिले होते. पत्नी हॉस्पिटलमध्ये, हे सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जात-येत. लिफ्टजवळ बोर्ड, त्यामुळे रोज चार वेळा ते स्वतःचं नाव वाचत असणार. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी हिशेब बघत होतो.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे चेक घेऊन आले. पावती घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘सर, तुम्ही इंग्रजी शिकवायचात ना?’ एवढंच. आवाज चढवला नाही. मी चहाचं विचारलं, ते थांबले नाहीत. पुढची दोन वर्षं ते आरतीला खाली उतरले नाहीत. मी दोनदा वर जाऊन आलो. बोलणं पावसाच्या आणि पाण्याच्या टँकरच्या पलीकडे गेलं नाही. माफी मागायची होती, पण ‘सॉरी’ म्हणू की ‘रिग्रेट’, असला मास्तरी घोळ मनात घालत बसलो. ‘चुकलं माझं’ हे मराठीत सहज म्हणता आलं असतं. आता ते नाहीत. आज हे सगळ्यांसमोर सांगतोय, कारण तो बोर्डही सगळ्यांसमोरच होता.

कुणी म्हणेल, सर, मग मुद्दाम पैसे बुडवणाऱ्याला काय म्हणायचं? त्याला जरूर डिफॉल्टर म्हणा. मुदत उलटू द्या, नोटीस पोचू द्या, मग बिनधास्त म्हणा. कडक शब्द भाषेत असायलाच हवेत. पण तो शब्द वापरण्याइतकी खात्री आपल्याला आहे का, हे आधी बघावं. नसेल, तर हलका शब्द घ्यावा. हलका शब्द नंतर वाढवता येतो. जड शब्द बोर्डावरून काढला तरी माणसाच्या मनातून निघत नाही.

उलटंही घडतं बरं का. कधी सौम्यपणा बाजूला ठेवून काटेकोर राहावं लागतं. आपण सगळ्यांनाच ‘भाडेकरू’ म्हणतो आणि फॉर्मवर ‘टेनंट’ लिहितो. पण तुम्ही जो लीव्ह अँड लायसन्सचा करार करता, त्यात समोरचा ‘लायसन्सी’ असतो. टेनंटला जागेत काही हक्क मिळतो. लायसन्सीला असते ती फक्त राहण्याची परवानगी. दोन्हींच्या व्याख्या 1882 सालच्या दोन वेगवेगळ्या कायद्यांत आहेत. इथे शब्द चुकला तर मन दुखत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा कृपया फॉर्म भरताना वकिलाला विचारा, मला नको.

तर त्या प्रसंगानंतर मी नोटिशीचा मथळा बदलला. नावं काढून फ्लॅट नंबर टाकले आणि वर लिहिलं ‘आउटस्टँडिंग ड्यूज’. वाटलं, आता कुणाला लागायचं नाही. आठवड्याभरात चौथ्या मजल्यावरची एक चिमुरडी लिफ्टमध्ये मोठ्या अभिमानाने सांगू लागली, ‘आजोबा, आमचा नंबर आउटस्टँडिंगच्या लिस्टमध्ये आलाय!’ शाळेत तिच्या वहीवर बाईंनी तोच शेरा मारला होता.

तिच्या वडिलांनी त्याच रात्री चेक आणून दिला. चला, आठ वाजले, आरतीला उभे राहू या.