भीम, मारुती आणि अनेक पृथ्व्यांवरचं संकट



वनपर्वात भीम सौगंधिक फुलं आणायला गंधमादन पर्वतावर निघतो. वाटेत एक म्हातारं वानर शेपूट पसरून पडलेलं असतं. भीम दरडावतो. वानर म्हणतं, मला उठवत नाही, तूच शेपूट बाजूला कर आणि जा. भीम आधी नुसता डावा हात लावतो, मग दोन्ही हातांनी जोर करतो. शेपूट तसूभर हलत नाही. हा प्रसंग ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दापासून ठाऊक असतं की हा मारुती. भीमालाच तेवढं ठाऊक नसतं. रामायणातला वीर महाभारतात येतो आणि ती भेट रंगते ती ऐकणाऱ्याच्या आठवणीवर. मारुतीभक्त समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्याच जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात आहे, तेव्हा इथे मारुतीची ओळख करून देण्याची गरज नाही.

एका कथेतला नायक दुसऱ्याच्या कथेत येतो, त्याला कॉमिक्सच्या जगात क्रॉसओव्हर म्हणतात. त्यातला एक अंक मी आज निवडला आहे. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’चा पहिला अंक, त्यावर एप्रिल १९८५ असा महिना छापलेला आहे. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. डीसी प्रकाशनाला ५० वर्षं होत होती. त्यांच्यापुढे अडचण मोठी होती. १९६१ साली फ्लॅश या नायकाचा नवा अवतार जुन्या फ्लॅशला भेटला, तेव्हा जुने नायक दुसऱ्या पृथ्वीवर राहतात असं सांगावं लागलं. पुढे पृथ्व्या वाढतच गेल्या आणि नव्या वाचकाला पत्ता लागेनासा झाला. म्हणून १२ अंकांत सगळी विश्वं मोडून एकच ठेवायचं ठरलं.

पहिल्या अंकात पांढऱ्या प्रकाशाची एक भिंत विश्वंच्या विश्वं गिळत पुढे सरकते. मग ‘पृथ्वी-३’ येते. तिथे सगळं उलटं आहे: सुपरमॅनसारखे दिसणारे सगळे गुंड, आणि सज्जन एकटा लेक्स ल्यूथर, जो इतरत्र सुपरमॅनचा हाडवैरी. जग संपत आलेलं पाहून हा ल्यूथर आणि त्याची बायको लोइस आपल्या तान्ह्या मुलाला यानात ठेवून दूर पाठवतात. ज्याला सुपरमॅनची जन्मकथा माहीत नाही, त्याच्यासाठी ते एक रडवेलं कुटुंब आहे. ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर काटा येतो, कारण सुपरमॅनच्या बापाच्या जागी आज त्याचा शत्रू उभा आहे. वुल्फमन हे कुठेही समजावून सांगत नाही. माझ्या मते या अंकातलं सगळ्यात थोर पान हेच.

दुसरी गोष्ट निवडीची. मॉनिटर नावाचा गूढ पुरुष जगोजगीचे वीर बोलावतो, पण त्यात बॅटमॅन नाही. कानशिलांवर केस पिकलेला, दुसऱ्या पृथ्वीवरचा म्हातारा सुपरमॅन आहे. सायबॉर्ग, ब्लू बीटल, जॉन स्टुअर्ट आहेत. सायको-पायरेटसारखे खलनायकही आहेत. नामवंतांची गर्दी करून पहिला अंक खपवणं सोपं होतं. त्यांनी कमी ओळखीच्यांना पुढे केलं, आणि संकट सगळ्यांचं आहे हे तिथेच पटलं.

आपल्या वाचकाला क्रॉसओव्हरची ही चव इंद्रजाल कॉमिक्सने लावली. मुंबईच्या टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये ते सुरू केलं. पहिले ३२ अंक वेताळाचे, म्हणजे फँटमचेच होते. नंतर जादूगार मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर. गोविंद ब्राह्मणियांची मुखपृष्ठं मराठी अंकांवरही तीच असत. वेताळ आणि मॅन्ड्रेक दोघेही ली फॉकचेच, पण आपापल्या गोष्टीत वेगळे राहणारे. १९७७ साली वेताळाचं डायनाशी लग्न लागलं, तेव्हा पाहुण्यांत मॅन्ड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार होते. तिथे मारामारी नाही, जगबुडी नाही. दोन ओळखीची माणसं एका मांडवात दिसली एवढंच. तेवढ्यानेच वाचक सुखावतो, कारण दोघांनाही तो आधीपासून ओळखत असतो.

इंद्रजाल १९९० साली बंद पडलं. एकूण ८०३ अंक निघाले. मराठी अंक ज्या घरांत वाचले गेले, त्यांतल्या बहुतेक घरांतून ते रद्दीत गेले, कारण पोरांची पुस्तकं कुणी जपायची नसतात असा आपला समज. हा समज चुकीचा आहे. मराठीत चित्रकथेचा इतिहास लिहायचा तर आधी ते अंक एका ठिकाणी यायला हवेत. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही गावी तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत ते असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. मुखपृष्ठ फाटलेलं असलं, मधलं पान गेलेलं असलं, तरी चालेल. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात नेऊन द्या, आणि ग्रंथपालांना सांगा की त्यांची दाखलनोंद करून घ्या.