खारे, पण आम्लधर्मी पाणी

भूरसायनशास्त्रावरील मजकूर मराठीत आणताना भाषांतरकार पहिल्यांदा अडतो तो ‘क्षार’ या शब्दापाशी. आपण मिठालाही क्षार म्हणतो आणि आम्लाच्या विरुद्ध गुणाच्या पदार्थालाही. त्यामुळे खारे पाणी आम्लधर्मी असू शकेल, हे मनाला चटकन पटत नाही. लोणारच्या सरोवराने हा समज दृढच केला आहे. ते खारे आहे आणि त्याचे पीएच मूल्य १० च्या आसपास नोंदले गेले आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातील कित्येक सरोवरांचे पाणी मात्र समुद्राहून अनेक पटींनी खारे असून त्यांचे पीएच मूल्य ४ च्याही खाली आढळते. उदासीन पाण्याचे मूल्य ७. तेव्हा तीन अंकांचा हा फरक म्हणजे आम्लतेत हजारपट वाढ होय. ही आम्लता कोणत्याही कारखान्याने आणलेली नाही.

यातील मीठ मुख्यतः समुद्राचे. वारा आणि पाऊस यांनी ते हजारो वर्षे थोडे थोडे आत आणले. प्रदेश सपाट, पाऊस बेताचा; पाणी वाफ होऊन जाते आणि मीठ मागे राहते.

आम्लाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. येथील ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांहून जुना. तो इतका काळ झिजत राहिला, की आम्लाला मारणारे चुन्यासारखे घटक कधीच धुऊन गेले. उरली ती केओलिन माती, वाळू आणि लोहाची ऑक्साइडे. खोलवरच्या भूजलात प्राणवायू नसल्याने लोह विरघळलेल्या स्थितीत राहते. हे पाणी सरोवराच्या काठाशी वर येऊन हवेला भिडले, की लोह तांबूस गाळ होऊन खाली बसते आणि या क्रियेत लोहाच्या प्रत्येक अणूमागे हायड्रोजनचे दोन आयन मोकळे होतात. लोखंड गंजावे इतकी साधी ही गोष्ट. पण तिने सबंध सरोवर आम्ल होते! चुनखडीच्या मुलखात हे आम्ल जागीच शमले असते. येथे ते मातीतील ॲल्युमिनियम विरघळवते, आणि गाळात जॅरोसाइट व ॲल्युनाइट ही खनिजे तयार होतात. २००४ साली ‘ऑपर्च्युनिटी’ या यानाला मंगळावर जॅरोसाइट आढळले, तेव्हापासून मंगळाचे अभ्यासकही या सरोवरांकडे वळले.

शेतकऱ्याला मात्र मंगळाशी कर्तव्य नाही. गव्हासाठी खोल मुळांची मूळची झाडी तोडली गेली. झाडे शोषून घेत ते पाणी आता खाली मुरू लागले, भूजलाची पातळी चढली आणि जमिनीत साठलेले मीठ वर आले. वृक्षतोड आणि खारेपणा यांचा हा संबंध रेल्वेतील अभियंता डब्ल्यू. ई. वुड यांनी १९२४ सालीच प्रसिद्ध केला होता. पुढे पातळी उतरवण्यासाठी खोल चर खणण्यात आले. त्यांपैकी अनेकांतून जे वाहू लागले ते नुसते खारे नव्हते. त्यात आम्ल होते, ॲल्युमिनियमही होते. असे पाणी शेजारच्या ओढ्यात कसे सोडावे? चुना टाकावा, तर लोहाचा गाळ चुनखडीच्या कणांवर चढतो आणि क्रिया मंदावते. शिवाय आम्ल मारले तरी पाणी खारे ते खारेच. म्हणून काही ठिकाणी ते चराच्या टोकाशी उथळ तळी करून वाळू देतात, आणि या तळ्यांना जमीन लागते ती शेतीचीच.