पैसा कमी, युद्ध मोठं

युद्धपट काढायचा आणि तिजोरीत खडखडाट, की निर्माता जुन्या चित्रफितींकडे वळतो. रणगाडे, विमानं, बॉम्बफेक, सगळं आयतं मिळतं. पण हे तुकडे बहुधा ठिगळासारखे उठून दिसतात, कारण आधी नाट्य चित्रित होतं आणि मग भोकं बुजवायला फिती शोधल्या जातात. स्टुअर्ट कूपर यांच्या १९७५ च्या ‘ओव्हरलॉर्ड’मध्ये लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियममधली दृश्यं हाच पाया आहे; नॉर्मंडीला निघालेल्या टॉम या कोवळ्या सैनिकाची गोष्ट त्यांच्याशी जुळवून घेते. छायालेखक जॉन ऑल्कॉट यांनी कृष्णधवल फिल्मवर, जुन्या जर्मन भिंगांतून चित्रण केलं, त्यामुळे नव्या दृश्यांचा पोत जुन्या फितींशी मिळाला. या फितींत दिसणारं, अग्निबाणांच्या जोरावर किनाऱ्यावर भरकटणारं अजस्र चाक, ब्रिटिशांचा फसलेला प्रयोग, एरवी कुठल्या कलादिग्दर्शकाला सुचलं असतं?

खऱ्या माणसांच्या मरणावर काल्पनिक कथा रचावी का, हा आक्षेप गंभीर आहे. फितीतला पराक्रम नायकाच्या नावावर खपवला, तर ती लबाडीच. टॉम मात्र काहीच गाजवत नाही. तो वाट पाहतो, कवायत करतो, मरणाच्या कल्पनेने धास्तावतो. शिवाय फिती म्हणजे निखळ सत्य, हेही भाबडेपणाचं. लष्करी कॅमेरामनने टिपलेलं सेन्सॉरच्या नजरेखालून जाई, आणि बरॅकीतली रात्रीची भीती टिपायला तिथे कॅमेराच नसे. ती जागा नाट्याने भरावी, यात वावगं काय?