आकडा आणि कहाणी



कोणत्याही लोकोपयोगी संस्थेने स्वतःला अधूनमधून एक प्रश्न विचारावा लागतो : ज्यांच्यासाठी ती उभी राहिली, त्यांचा तिच्याविषयीचा अनुभव काय आहे? हा अनुभव शोधून काढणे हे संशोधनाचे काम. पण शोधलेले सत्य, ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांच्या मनापर्यंत पोहोचविणे हे त्याहून अवघड. अहवाल पुष्कळदा कपाटात जाऊन बसतो. कहाणी ऐकणाऱ्याबरोबर घरी जाते.

मराठीला ही वाट नवी नाही. बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. यमुना पतीसह प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे तिच्या कानी पडतात. एका अर्थी ही कादंबरी म्हणजे सामाजिक पाहणीचा वृत्तान्तच होय. तथापि तिच्यातून एक सावधगिरीही शिकावी लागते. लेखकाचे उत्तर आधीच ठरलेले होते. म्हणून यमुनेची वाट अखेरीस ख्रिस्ती धर्माकडे वळते. ऐकलेल्या दुःखातून उत्तर उगवावे. ठरलेल्या उत्तरासाठी दुःखे वेचली जाऊ नयेत.

या सावधगिरीचे उत्तम उदाहरण गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’चे काम सुरू केले. आदिवासी रुग्ण दवाखान्याला का बिचकतात, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे अनपेक्षित होती. मोठमोठ्या इमारतींची भीती वाटते. नातलगांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. आणि प्रेताला गुंडाळतात तसले पांढरे कपडे घालणारे लोक जीव कसा वाचविणार? या बोलण्याला अज्ञान म्हणून हसण्यावारी नेले असते, तर शोध तेथेच संपला असता. तसे झाले नाही. दवाखान्याची रचना आदिवासी वस्तीसारखी झाली, नातलगांची सोय झाली आणि त्याला लोकांच्या देवतेचे, माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पांढऱ्या कपड्यांची ती एक गोष्ट सांगितली की दवाखाना असा का बांधला, हे निराळे समजावून द्यावे लागत नाही.

तरीही कहाणीने आकड्याची जागा घेऊ नये. याच दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या या निष्कर्षाने वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. मात्र इतक्या जणी मुकाट्याने का सोसत राहिल्या, हे टक्केवारी सांगत नाही. ते समजण्यासाठी त्या स्त्रियांचे बोलणे ऐकावे लागते; डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक ते ऐकविते. आकडा दुःखाचा विस्तार दाखवितो, कहाणी त्याचे कारण उलगडते. आकड्यावाचून कहाणी एखाद्या अपवादालाच नियम ठरवू शकते. कहाणीवाचून आकडा कोणाचाच चेहरा दाखवीत नाही.

सांगणाऱ्यावरही काही बंधने येतात. कहाणी ज्याची, त्याचे नाव व लाज राखली पाहिजे. त्याचे म्हणणे अलंकारांखाली दडपता कामा नये. शक्य तेथे ती प्रथम त्यालाच वाचून दाखवावी. ‘होय, हे असेच आहे’ अशी त्याची साक्ष मिळाली, तरच ती पुढे न्यावी.

ग्रंथालयांनाही हा विचार परका नाही. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि त्याचा वेळ वाचावा, असा आग्रह रंगनाथन यांनी १९३१ मध्येच आपल्या पाच सूत्रांत धरला. देवघेवीच्या नोंदवहीत आलेल्या वाचकांची मोजदाद असते. पायरीवरूनच परतलेल्याची नोंद तिच्यात कोठून असणार? तिरोडीसारख्या मँगनीजच्या खाणीच्या गावात पाळी संपवून परतणारा कामगार, घरी मराठी बोलणारी पण शाळेत हिंदी शिकणारी मुलगी, दुपारचाच काय तो थोडा मोकळा वेळ मिळणारी गृहिणी, यांना ग्रंथालयाचे दार कसे दिसते? शतक ओलांडणाऱ्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहात ही न लिहिलेली पुस्तकेही जमा करावीत, आणि कार्यकारिणीच्या सभेत जमाखर्चाइतक्याच गांभीर्याने ती वाचावीत.