झॉम्बी फार झाले का?

(मंचाच्या बैठकीत केलेलं भाषण. त्या दिवशी येऊ न शकलेल्यांसाठी लिहून काढलं आहे. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी यात घातल्या आहेत.)



आजच्या विषयाची ई-मेल गेली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. "आनंद यादवांवर बोलणार आहात ना? उत्तम! 'झोंबी' मी तीनदा वाचलंय." मी म्हटलं, "नाही काका, ती झोंबी नव्हे. हे झॉम्बी. मेलेले उठून चालतात ते." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "मंचाला विषय कमी पडायला लागले का हो?"

काका आज इथे समोरच बसले आहेत, त्यामुळे मला जपून बोलायला हवं.

विषय निघाला तो आमच्या घरात. थँक्सगिव्हिंगला मुलगा घरी आला होता. नोकरी करतो, स्वतःचं भाडं भरतो, त्यामुळे आता त्याला रागावण्याचा अधिकार मला उरलेला नाही. रात्री जेवणं झाल्यावर तो लॅपटॉप उघडून बसला. पडद्यावर तेच चाललेलं. अंधार, धूर, आणि लडखडत येणारी मढी. मी म्हटलं, "अरे, शाळेत होतास तेव्हाही हेच होतं. कंटाळा येत नाही का?" तो मान वर न करता म्हणाला, "बाबा, यांना मारताना वाईट वाटत नाही. ते कोणीच नसतात."

ते कोणीच नसतात. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून थोडं वाचलं, काही जुने चित्रपट पाहिले, आणि आज तुमच्यासमोर उभा आहे.

आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. झॉम्बी फार झाले का? झाले. 1996 साली जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल' आला आणि व्हिडिओ गेममध्ये मढ्यांची रांगच लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या खेळात नाझी झॉम्बी आले. काउबॉयच्या खेळात आले. 2009 साली तर मटार आणि सूर्यफुलं लावून अंगणातले झॉम्बी हटवण्याचा खेळ निघाला, आणि तो लहान मुलांइतकाच त्यांच्या आयांनीही खेळला. टीव्हीवर 'द वॉकिंग डेड' 2010 ते 2022 अशी बारा वर्षं चालली. बारा वर्षांत आपल्याकडे मूल पहिलीतून बारावीला जातं!

असं का झालं असावं? मी आयुष्यभर सॉफ्टवेअरमध्ये काम केलं, त्यामुळे यातली दोन कारणं मला चटकन पटली. एक म्हणजे झॉम्बी फुकट आहे. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' 1968 साली आला. ऐनवेळी चित्रपटाचं नाव बदललं, आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. रोमेरोला त्याचा फटका बसला, बाकीच्यांचं फावलं. दुसरं कारण, झॉम्बी स्वस्त आहे. शहाणा शत्रू प्रोग्रॅम करायचा तर घाम फुटतो. तो लपला पाहिजे, घाबरला पाहिजे, डाव टाकला पाहिजे. झॉम्बीला फक्त सरळ चालत यायचं असतं. तो भिंतीला धडकला तरी कोणी प्रोग्रॅमरला नावं ठेवत नाही.

तिसरं कारण मात्र तांत्रिक नाही. 1997 साली 'कार्मागेडन' नावाचा गाड्या पळवण्याचा खेळ निघाला. त्यात रस्त्यावरची माणसं चिरडली की गुण मिळायचे. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने मंजुरी नाकारली. मग कंपनीने तिथल्या आवृत्तीत पादचाऱ्यांच्या जागी झॉम्बी घातले, रक्त हिरवं केलं, आणि खेळ दुकानात आला. म्हणजे बघा, रस्ता तोच, गाडी तीच, चिरडणंही तेच. फक्त समोरचा माणूस 'कोणीच नाही' झाला, की आपली हरकत संपली.

यात मला अडचण दिसते ती अशी, की झॉम्बी हा मुळात कोणीतरी होता. त्यासाठी हैतीला जावं लागतं.

हैती ही फ्रान्सची वसाहत होती. साखर आणि कॉफी पिकवणारी, युरोपीयांच्या वसाहतींतली सगळ्यात श्रीमंत वसाहत. 1789 च्या सुमारास तिथे जवळजवळ पाच लाख गुलाम राबत होते. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं ऊसमळ्यात इतक्या लवकर मरत, की सतत नवी जहाजं भरून आणावी लागत. या माणसांना एकच सुटका ठाऊक होती. मेल्यावर आपला जीव आफ्रिकेला परत जातो. आणि त्यांची सगळ्यात मोठी भीती होती, की मरणानेही सुटका झाली नाही तर? कोणी मांत्रिकाने आपलं प्रेत उठवून पुन्हा उसाला जुंपलं तर? नाव नाही, आठवण नाही, इच्छा नाही, फक्त राबणारा देह. हा हैतीचा झॉम्बी. तो कोणाला चावत नाही. तो काम करतो.

आपल्याकडे या अवस्थेला भुताखेतातला शब्द लागत नाही, वेठबिगार हा शब्द पुरतो. आपली भुतं त्या मानाने सुखी. मुंजाला त्याचा पिंपळ असतो, हडळीला तिची विहीर, प्रत्येकाची काहीतरी इच्छा राहिलेली असते. गावातल्या म्हाताऱ्यांना ते भूत जिवंतपणी कोण होतं, हेही ठाऊक असतं. झॉम्बीचं नेमकं तेच काढून घेतलेलं.

हैतीतल्या गुलामांनी 1791 साली बंड केलं, आणि 1 जानेवारी 1804 रोजी देश स्वतंत्र झाला. पण 1915 साली अमेरिकेचं सैन्य तिथे उतरलं आणि 1934 पर्यंत राहिलं. सुरुवातीच्या वर्षांत या सैन्याने रस्ते बांधण्यासाठी एक जुना कायदा वर काढून शेतकऱ्यांना वेठीला धरलं. गुलामगिरी मोडून जेमतेम शंभर वर्षं झालेल्या देशात पुन्हा वेठ! याच काळात विल्यम सीब्रुक हा अमेरिकन लेखक तिथे गेला. त्याचं 'द मॅजिक आयलंड' 1929 साली आलं, आणि झॉम्बी हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोचला. त्यात एक गोष्ट आहे. एका अमेरिकन साखर कंपनीच्या मळ्यात मेलेल्या माणसांची टोळी राबत असते आणि त्यांची मजुरी मुकादम खातो. या झॉम्बींना मीठ द्यायचं नसतं, कारण मीठ जिभेला लागलं की त्यांना आठवतं आपण कोण आहोत. एके दिवशी मुकादमाच्या बायकोला दया येते, ती त्यांना गोड वड्या देते, आणि वड्यांतले दाणे नेमके खारे निघतात. ती माणसं किंचाळतात, आणि आपापल्या गावाकडे, आपापल्या थडग्याकडे चालू लागतात.

आपण मिठाबद्दल काय म्हणतो? खाल्ल्या मिठाला जागावं. म्हणजे मालकाचं मीठ खाल्लं की त्याच्याशी बांधलं जावं. तिकडचं मीठ माणसाला मालकापासून सोडवतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

मग 1932 साली 'व्हाइट झॉम्बी' आला. पहिला पूर्ण लांबीचा झॉम्बीपट तोच मानतात. त्यात साखर कारखान्याचं एक दृश्य आहे. झॉम्बी चरक फिरवताहेत, त्यातला एक तोल जाऊन चरकात पडतो, आणि चरक थांबत नाही. तेवढ्या दृश्यात हैती आहे. चित्रपटाच्या नावात मात्र हैती गेलेलं आहे. तिथे काळजी वेगळीच, गोऱ्या मुलीवर ही पाळी आली तर काय?

आणि 1968. रोमेरोच्या चित्रपटात झॉम्बी हा शब्दसुद्धा नाही, पण आजचा माणूस खाणारा झॉम्बी तिथूनच निघाला. नायक बेन कृष्णवर्णीय आहे, डुएन जोन्स या नटाने केलेला. तो रात्रभर मढ्यांशी लढून जगतो. सकाळी शेरीफची गोऱ्या लोकांची टोळी येते, लांबून खिडकीत हालचाल दिसते, आणि ते त्याला गोळी घालतात. मग त्याचं प्रेत बाकीच्या मढ्यांबरोबर जाळतात. हा कोण, असं कोणी विचारत नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली होती. प्रेक्षकांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

रोमेरोचा पुढचा झॉम्बीपट 1978 चा, 'डॉन ऑफ द डेड'. तो पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये चित्रित झाला. आता तुमच्यातले काही जण हसायला लागले, कारण तुम्ही तिथे गेला आहात. मी देव मानत नाही, पण आई भारतातून आली की तिला पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराला नेणं चुकायचं नाही. सहा तास गाडी हाणायची, आई दर्शन घ्यायची, आणि येताना त्या मॉलमध्ये चक्कर. तिथे मी तिला बर्फातले बूट घेतले होते. हा तोच मॉल, हे मला यंदा कळलं. चित्रपटात मेलेले लोक सवयीने तिथे परत येतात आणि काचेला हात लावून उभे राहतात. 2025 साली वॉलमार्टने तो मॉल विकत घेतला. म्हणजे माणसं यायची थांबली, आणि मॉलच मेला.

सांगायचं हे, की या पात्राचा असा वापर शंभरदा झाला तरी माझी तक्रार नाही. 2016 च्या कोरियन 'ट्रेन टू बुसान'मध्ये सगळ्यात भयंकर प्रसंग कुठला? पुढच्या डब्यातली धडधाकट माणसं मागून जीव वाचवून आलेल्यांना दार उघडत नाहीत, तो. आपल्या मराठीत 2022 साली आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आला. त्यात एका बाजूला टॉवर आहे, शेजारी वस्ती आहे, आणि कोणाचा जीव किती मोलाचा हा प्रश्न आहे. डोंबिवलीकर हसले, आणि थोडे अस्वस्थही झाले असतील.

माझी तक्रार दुसऱ्या ढिगाबद्दल आहे, आणि तो ढीग कितीतरी मोठा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो हैतीचा मजूर. शंभर वर्षांत आपण त्याला नेमबाजीचं बाहुलं केलं. 'रेसिडेंट ईव्हिल 5' 2009 साली आला, त्यात कथा आफ्रिकेत गेली, आणि एक गोरा शिपाई कृष्णवर्णीय गर्दीवर गोळ्या झाडताना दिसला. त्यावर वाद झाला. "ते झॉम्बीसारखेच, रोगाने पछाडलेले आहेत," असा बचाव झाला. म्हणजे पुन्हा तेच, ते कोणीच नाहीत.

गेम खेळून मुलं हिंसक होतात, असं मी म्हणत नाही. माझा मुलगा कोळ्याला कागदावर घेऊन बाहेर सोडतो. शिवाय 2020 मध्ये सगळे घरात कोंडलेले असताना, चार दिशांना पांगलेले त्याचे मित्र रोज रात्री याच खेळात भेटायचे. एक पडला की बाकीच्यांनी उचलायचं, हा त्यांचा नियम. तेव्हा मला त्या झॉम्बींचे आभारच मानावेसे वाटले.

मला काळजी वाटते ती मुलाची नाही, माझी. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरं बांधायचा प्रस्ताव आला. जाहीर सभा झाली. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "यांची झुंड आपल्या शाळांवर येऊन आदळेल." टाळ्या पडल्या. ते गृहस्थ गोरे नव्हते. आपलेच होते, मराठी. गणपतीला आम्ही एका पंगतीत जेवतो. मी मागच्या रांगेत होतो. मी काही बोललो नाही.

1987 साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांनी भारतीयांना हाकलण्याची धमकी दिली होती. त्याच वर्षी जवळच होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. या खोलीतले दोघे-तिघे तेव्हा त्या भागात राहत होते. तेव्हा झुंड आपण होतो. आपल्याला नावं नव्हती, फक्त कपाळावरचा ठिपका होता. आणि तीस-पस्तीस वर्षांत आपण दुसऱ्याला झुंड म्हणायला शिकलो. हे आपल्याला कुठल्या व्हिडिओ गेमने शिकवलेलं नाही. पण जिथे समोरची गर्दी कोणीच नसते, अशी करमणूक रोज पाहिली की तो शब्द कानाला खटकेनासा होतो. माझ्या कानाला त्या सभेत खटकला, पण उठून उभं राहण्याइतका नाही.

म्हणून बंदी घाला, मुलांचे लॅपटॉप काढून घ्या, असलं काही मी सुचवणार नाही. त्यांच्या शेजारी बसा आणि एकच विचारा, हा आधी कोण होता? मी ते मुलाला विचारलं, आणि त्याला हैतीची गोष्ट सांगितली. त्याने खेळ थांबवला. मग म्हणाला, "बाबा, हे कोणी आधी का नाही सांगितलं?" आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केला. असो. मिठाचा एक दाणा तर पडला.

आणि काका, तुमच्या फोनबद्दल. 'झोंबी'तला तो मुलगा पहाटेपासून शेतात राबतो, बाप त्याला शाळेत जाऊ देत नाही, आणि तो म्हणतो मी शिकणार. नुसता राबणारा देह व्हायला त्याने दिलेला नकार म्हणजे ते पुस्तक. तेव्हा तुमचा समज चुकला खरा, पण फार नाही चुकला.

पुढच्या बैठकीत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' दाखवावा, अशी सूचना मांडतो. हक्कांचे पैसे द्यावे लागत नाहीत, त्यामुळे खजिनदारांची हरकत नसावी. चित्रपटानंतर चर्चा, आणि चर्चेला त्या जाहीर सभेतल्या गृहस्थांनाही बोलवायचा माझा विचार आहे. फोन मी करीन. तेवढं माझ्याकडे लागतं.