गावानं बांधलेलं हॉटेल

आज जरा लांबच्या गावाला जाऊ या. गावाचं नाव झेरमाट. स्वित्झर्लंडमध्ये, आल्प्सच्या डोंगरात, सोळाशे मीटर उंचीवर. समोर मॅटरहॉर्नचं टोकदार शिखर, ४,४७८ मीटरचं.

पूर्वी इथं डोंगरउतारावरची तुटपुंजी शेती आणि गुरं, एवढंच. चुकूनमाकून पाहुणा आलाच तर पाद्रीबाबांच्या घरी उतरायचा. पुढं गावच्या डॉक्टरांनी छोटी खाणावळ काढली. १८५५ साली ती अलेक्झांडर सेलर यांनी घेतली, वाढवली आणि नाव ठेवलं मोंटे रोझा. हे सेलर आधी साबण करायचे! त्यांची बायको कॅथरिना हिनं हॉटेलचा कारभार सांभाळला. पाहुण्यांची जातीनं विचारपूस करायची, आणि पदरी मुलंबाळंही पुष्कळ. हॉटेलच्या गोष्टीत अशा बाईचं नाव एका ओळीत उरकतात, म्हणून मुद्दाम सांगते.

१८६५च्या जुलैमध्ये एडवर्ड व्हिंपर आणि सोबतचे सहाजण, असे सातजण पहिल्यांदा मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोचले. उतरताना चौघं दरीत कोसळले. आता इकडं कोण फिरकणार, असं वाटेल. झालं उलटंच. बातमी युरोपभर गेली आणि माणसं झेरमाट बघायला येऊ लागली.

इथून पुढची गोष्ट मला जास्त आवडते. डोंगर आपला, वाट आपली, आणि कमाई मात्र बाहेरून आलेल्याची, हे गावकऱ्यांना खुपायला लागलं. सेलरना गावकीचा हक्क द्यायला गाव वर्षानुवर्षं तयार नव्हतं. हक्क दिला की सामाईक रानात, कुरणात वाटा आला ना! सेलरनी गावाला नाव मिळवून दिलं हे खरं, तेव्हा मला दोन्ही बाजू पटतात. पण गाव नुसतं भांडत बसलं नाही. गावकीनं स्वतःचं हॉटेल बांधलं, झेरमाटरहोफ. घरटी श्रमदान झालं. रेल्वे आली १८९१ला, आणि हॉटेल उघडलं १८७९ला. म्हणजे सामान कसं वर चढवलं असेल, तुम्हीच बघा.

दोन्ही हॉटेलं आजही चालू आहेत. मोंटे रोझाच्या भिंतीवर व्हिंपरची आठवण म्हणून पाटी आहे. गावात पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांना बंदी. खालच्या टेश गावात मोटार ठेवायची आणि रेल्वेनं वर यायचं. जुनं हॉटेल, शांत गल्ली, समोर शिखर, यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात. झेरमाटरहोफमध्ये मोजलेल्या पैशाची मालकी अजून गावकीकडंच आहे.