पाच पुलांचा रस्ता
(तिरुवैयारु येथे शालेय शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



मी अभियंता नव्हे. मराठीचा पदव्युत्तर अभ्यास करून गेली अनेक वर्षे मी शास्त्रीय विषयांवरील पुस्तकांचा अनुवाद करीत आलो आहे. विद्यापीठांनी शालेय विद्यार्थ्यांना व शिक्षकांना अभियांत्रिकीचा परिचय कसा करून द्यावा, या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार त्यामुळे मर्यादित आहे. तथापि परिचय करून देणे हा एक प्रकारचा अनुवादच होय, आणि तेवढ्यापुरते मला बोलता येईल.

तंजावरहून येथे येताना पाच नद्या ओलांडाव्या लागतात : वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी. गावाचे नावच तसे आहे. या नद्यांना पाणी मिळते ते वरच्या अंगाला कल्लणैचा बंधारा आहे म्हणून. श्रीरंगमपाशी कावेरीपासून निघालेला कोल्लिडमचा फाटा पुढे पुन्हा तिच्या जवळ येतो. त्याचे पात्र अधिक खोल असल्यामुळे कावेरीचे पाणी तिकडे ओढले जाऊन थेट समुद्राला मिळाले असते. कल्लणैने ते अडविले आणि पुराच्या जास्तीच्या पाण्याला मात्र वाट ठेवली. परंपरा या बंधाऱ्याचे श्रेय करिकाल चोळ राजाला देते.

एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या अभियंत्याला येथे एक कोडे सुटले. खडक लागतच नाही अशा वाळूत पाया कसा घालावयाचा? वाळूवर टाकलेला दगड, त्याच्या बुडाखालची वाळू पाण्याने वाहून जाताच खाली रुतत जातो. रुतू द्यावा, त्यावर दुसरा टाकावा. रुतणे थांबले की तोच पाया. ही विद्या आपण येथील जुन्या बांधकामावरून शिकलो, हे कॉटनने मोकळेपणाने मान्य केले. त्याने 1836 च्या सुमारास कोल्लिडमवर बंधारे बांधले आणि पुढे गोदावरीवर धवलेश्वरम येथे याच विद्येचा उपयोग केला. इंग्रज अभियंत्यांनी तमिळ ‘अणैकट्टु’ या शब्दाचा ‘अनिकट’ केला. आज येथील मुलगा तो शब्द इंग्रजी म्हणून पाठ करतो. आपलीच वस्तू परकी होऊन आपल्याकडे परत येते, ती अशी.

असे का व्हावे? आपल्याकडे अभियांत्रिकीचे शिक्षण प्रथम सरकारी कामाची माणसे तयार करण्यासाठी आले. मद्रासची भूमापनाची शाळा 1794 मध्ये निघाली. तिचेच पुढे गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग 1854 मध्ये सुरू झाला, तो सार्वजनिक बांधकामाच्या खात्याला हाताखालचे अधिकारी मिळावेत म्हणून. त्या काळी अभियांत्रिकी म्हणजे हुद्दा होता. आज ती बारावीनंतरची ‘सीट’ झाली आहे. मुलाला प्रवेशपरीक्षा ठाऊक असते, काम ठाऊक नसते. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत, त्याला तर हा आपला विषयच नव्हे असे वाटते.

माझ्या शाळकरी वयात आम्हांला एका महाविद्यालयाची कार्यशाळा दाखविण्यास नेले होते. दोरी लावलेली होती आणि ‘हात लावू नका’ अशी पाटी होती. चहा-बिस्किटे घेऊन आम्ही परतलो. आमचे गुरुजीही दोरीच्या अलीकडेच उभे होते, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली.

याच्या उलट एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शाळांत गेला. मुले जोडकाम, बांधकाम, वीजकाम, शेती प्रत्यक्ष करतात आणि ती कामे गावाच्या उपयोगी पडतात. 2002 च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपली ‘फॅब लॅब’ या गावात आणली. येथे विद्यापीठ गावाकडे आले. 2016 पासून देशभर शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. सामग्री आली हे चांगलेच झाले. परंतु शिक्षकाचा हात धीट झाला नाही तर ती कपाटात राहील.

म्हणून विद्यापीठांना माझी विनंती आहे. मुलांना एक दिवस बोलावण्यापूर्वी शिक्षकांना आठ दिवस बोलवा. प्राध्यापक संध्याकाळी परत जातो. दुसऱ्या दिवशी मुलाच्या प्रश्नाला तोंड द्यावयाचे असते ते शिक्षकाला. आणि आरंभ यंत्रमानवापासूनच करावा असे नाही. एका परातीत वाळू घ्या, चार दगड ठेवा, तांब्याने पाणी सोडा. दगड रुतू लागला की मुले विचारतील, का? तोच पहिला धडा.

दुसरा धडा अपयशाचा असावा. 2018 च्या ऑगस्टमध्ये मुक्कोंबू येथील कोल्लिडमवरच्या जुन्या नियंत्रकाचा काही भाग पुरात वाहून गेला. मुलांना तेही सांगावे. बांधलेले सांभाळावे लागते आणि सांभाळणाऱ्याला पाण्याखाली काय चालले आहे हे ओळखावे लागते, हे पुस्तकापेक्षा नदी अधिक स्पष्ट सांगते.

आपल्यापैकी काहींच्या घरी आजही तंजावरी मराठी बोलली जाते, शाळेत तमिळ चालते आणि महाविद्यालयात इंग्रजी. मुलाला हे पूल रोज ओलांडावे लागतात. त्याच्यासोबत पहिल्या पुलापर्यंत चालत जाणारा माणूस शिक्षकच असतो. विद्यापीठाने प्रथम त्याचा हात धरावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.